गाण्याला चाल, वाक्याला ठेका : बालभारतीस खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती),
सेनापती बापट मार्ग, पुणे

विषय : मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी शिकवताना गाण्यांचा वापर

गाण्यातून इंग्रजी शिकवणे म्हणजे त्या भाषेचा ठेका मुलांच्या कानात आणि जिभेवर बसवणे. गाण्याने शब्द वाढतात, वर्ग खुलतो, लाजरी मुले बोलती होतात, हे सगळे खरे आहे. पण एवढे काम खेळाने, गोष्टीने, चित्रानेही होते. ठेका मात्र गाण्याइतका दुसऱ्या कशानेच साधत नाही. मराठी मुलाला इंग्रजी बोलणे आणि त्याहूनही ते ऐकून समजणे जड जाते, त्यात या ठेक्याचा वाटा मोठा आहे. प्राथमिक वर्गात सर्वांत कमी लक्ष त्याच्याकडेच जाते.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पूर्वी पाचवीपासून सुरू होत असे. ते २००० सालापासून पहिलीवर आले. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. सहा वर्षांच्या ज्या मुलाची देवनागरी अजून पक्की व्हायची आहे, त्याला दुसऱ्या लिपीतून भाषा शिकवता येत नाही. ती ऐकवूनच शिकवावी लागते. म्हणून पहिली-दुसरीच्या इंग्रजीत गाण्यांना मानाची जागा मिळाली, आणि ती योग्यच होती. अडचण छापील पानाची आहे. पानावर शब्द येतात, चाल येत नाही आणि ठेका तर मुळीच येत नाही. ज्या शिक्षकाने ते गाणे कधी ऐकलेले नाही तो ते वाचून दाखवतो, मुले त्याच्यामागून म्हणतात, आणि गाण्याचे पाठांतर होते. पाढ्यासारखे, प्रत्येक अक्षरावर सारखा भार देऊन म्हटलेले इंग्रजी गाणे इंग्रजीच्या बोलीपासून मुलाला दूरच नेते.

हे असे का होते ते समजायला दोन भाषांची चाल शेजारी शेजारी ठेवून पाहावी लागते. मराठीत प्रत्येक अक्षराला आपापली जागा मिळते. ‘आगगाडी’, ‘शेवग्याची शेंग’, ‘पावसाळ्यातला ओढा’ म्हणताना एखादे अक्षर जोरात आणि बाकीची गिळून, असे होत नाही. मराठी वृत्तांचे गणितही अक्षराला लागणाऱ्या वेळेवर, लघु-गुरूवर चालते. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत, म्हणजे ओळीत बाराच अक्षरे, आणि लघु-गुरू-गुरू हा क्रम चार वेळा. एक अक्षर वाढले की ओळ अडखळते. इंग्रजी ओळीत अक्षरे कमीजास्त झाली तरी चालते. आघात तेवढेच राहिले पाहिजेत. केनेथ पाइक या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९४५ साली भाषांच्या चालीतला हा भेद मांडला. काही भाषा अक्षराक्षराने चालतात, काही आघाताघाताने, असे त्याचे म्हणणे. पुढे यंत्राने मोजल्यावर इंग्रजीतील दोन आघातांमधले अंतर तंतोतंत सारखे निघाले नाही, तेव्हा या विभागणीला घड्याळाचा नियम मानू नये. पण कानाला जाणवणारी इंग्रजीची चाल आघाताची आहे, आणि वर्गात कामी येते ती तीच.

फळ्यावर तीन वाक्ये लिहून हे कुठल्याही शिक्षकाला पडताळता येते. ‘डॉग्ज ईट बोन्स.’ ‘द डॉग्ज विल ईट द बोन्स.’ ‘द डॉग्ज हॅव बीन ईटिंग द बोन्स.’ पहिल्यात तीन अक्षरे, तिसऱ्यात आठ. टाळ्या मात्र तिन्हींत तीनच पडतात : डॉग्जवर, ईटवर, बोन्सवर. मधले ‘द’, ‘विल’, ‘हॅव बीन’ हे टाळ्यांच्या फटीत बसवायचे असतात. बसवायचे म्हणून ते आखूड होतात आणि त्यांतले स्वर पुसट होतात. ‘ब्रेड अँड बटर’ प्रत्यक्षात ‘ब्रेडन्बटर’ असे ऐकू येते. ‘बनाना’त तीन सारखे आकार नाहीत; मधला ‘ना’ भरीव आणि दोन्ही बाजूंचे स्वर अर्धवट. ‘फोटोग्राफ’मध्ये आघात पहिल्या अक्षरावर असतो, ‘फोटोग्राफर’ म्हटले की तो दुसऱ्यावर सरकतो, आणि त्याबरोबर सगळ्या शब्दाचा आवाज बदलतो.

मराठी मुलाला ही पुसट अक्षरे ऐकूच येत नाहीत. त्याने शाळेत ‘अँड’ हा खणखणीत शब्द शिकलेला असतो आणि समोरचा माणूस नुसता ‘न्’ म्हणतो. ‘टू’, ‘ऑफ’, ‘कॅन’, ‘हॅज’ यांचेही तसेच. दहावीपर्यंत इंग्रजी वाचून समजणारा विद्यार्थी बोललेले इंग्रजी ऐकून गोंधळतो, तेव्हा शब्दसंग्रह अपुरा आहे असे निदान केले जाते. पुष्कळदा शब्द त्याला येत असतात, फक्त त्यांचे बोलण्यातले रूप त्याने कधी ऐकलेले नसते. देवनागरीत लिहून घेतलेले इंग्रजी गाणे या अडचणीत भर घालते, कारण आपली लिपी स्वर स्पष्ट लिहिते आणि आघात लिहीतच नाही.

गाण्यात हे सगळे न सांगता घडते. चाल आघाताला लांब स्वर देते, ठेका त्याला जागा देतो, आणि मधल्या अक्षरांना घाई करावीच लागते. नाहीतर गाणे पुढे जात नाही. याचे सर्वांत जवळचे उदाहरण शाळेच्या आधीच मुलाला येत असते. वाढदिवसाचे ‘हॅपी बर्थडे टू यू’ आता वाडीवस्तीवरही केकबरोबर पोहोचले आहे. त्याची चाल तीन मात्रांची आहे. ‘हॅपी’ ही दोन अक्षरे समेच्या आधी उचलली जातात आणि ‘बर्थ’वर सम येते, ‘टू’ हलका जातो, ‘यू’वर पुन्हा सम. बोलण्यातही ‘बर्थडे’ या शब्दाचा आघात ‘बर्थ’वरच असतो. दादरा जाणणाऱ्या माणसाला हे ऐकताक्षणी कळेल. ही चाल मुळात वर्गासाठीच रचलेली होती. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लुइव्हिल येथे बालवाडी चालवणाऱ्या पॅटी हिल आणि त्यांची बहीण मिल्ड्रेड हिल यांनी मुलांना सकाळचे नमस्कारगीत म्हणून ती बसवली, आणि १८९३ साली ते गीत बालवाडीच्या गाण्यांच्या पुस्तकात छापले गेले. वाढदिवसाचे शब्द तिच्यावर नंतर चढले. लहान मुलांच्या गळ्याला झेपेल अशी सोपी चाल आणि जवळजवळ सारखेच शब्द पुन्हा पुन्हा, या दोन गोष्टींवर ते गीत जगभर गेले. मराठी शाळेसाठी नवे इंग्रजी गाणे निवडताना किंवा रचताना यापेक्षा वेगळी कसोटी लावण्याची गरज नाही.

पाठ्यपुस्तकातील प्रत्येक गाण्याखाली म्हणून दोन गोष्टी छापल्या जाव्यात. एक, आघाताच्या अक्षराखाली ठळक टिंब. दुसरी, तालाचे नाव. महाराष्ट्रातल्या शिक्षकाला पाश्चात्त्य स्वरलिपी येत नसते. केरवा आणि दादरा हे शब्द गावच्या भजनी मंडळातही समजतात. चार आघातांची इंग्रजी ओळ आठ मात्रांच्या केरव्यात सरळ बसते, दर दुसऱ्या मात्रेला एक आघात. झुलत्या चालीची गाणी दादऱ्यात बसतात. एवढी नोंद असली की ढोलकी वाजवणारा सहावीतला मुलगासुद्धा पहिलीच्या वर्गाला गाणे म्हणून दाखवील.

साधनेही शाळेतच आहेत. कितीतरी जिल्हा परिषद शाळांत स्वातंत्र्यदिनासाठी लेझमी ठेवलेल्या असतात. लेझीम ज्या क्षणी झणकते त्या क्षणी आघाताचे अक्षर यावे, एवढा एकच नियम मुलांना सांगितला तर इंग्रजी वाक्याची चाल त्यांच्या हातापायांत जाते. लेझीम खेळणारे मूल चुकीच्या ठोक्यावर झणकार देत नाही. ती शिस्त त्याला आधीच आलेली असते. तीच वाक्याला लावायची. टिपऱ्या, टाळ, नुसत्या टाळ्या, बाकावर बोटे, काहीही चालते. मराठी चालीत इंग्रजी शब्द बसवण्याचा प्रयोगही काही शिक्षक करतात. त्यात सावध राहावे लागते. ओवीची किंवा भोंडल्याच्या गाण्याची चाल अक्षरागणिक रेंगाळते, तीत इंग्रजी वाक्य घातले की ‘द’ आणि ‘इज’ ताणले जातात, म्हणजे जे घालवायचे तेच पक्के होते. ठाशीव ठोक्याची चाल असेल तरच हा मेळ जमतो.

‘मला गाता येत नाही’ ही अनेक शिक्षकांची खरी अडचण आहे आणि तिला उत्तर आहे. न्यूयॉर्क विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या कॅरोलिन ग्रॅहम यांनी १९७८ साली ‘जॅझ चँट्स’ नावाचे पुस्तक काढले. त्या स्वतः संगीत जाणणाऱ्या. रोजच्या बोलण्यातली वाक्ये जॅझच्या चार ठोक्यांवर सहज बसतात, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांच्या रचनांत सूर नाही, फक्त ठेका आहे. शब्द ओढूनताणून बसवायचे नाहीत, वाक्य जसे बोलले जाते तसेच ठेक्यावर म्हणायचे, हे त्यांचे सूत्र. आपल्या वर्गात याचे रूप अगदी साधे होऊ शकते. अर्धा वर्ग विचारतो, ‘व्हेअर्ज माय बॅग?’ दुसरा अर्धा सांगतो, ‘ऑन द बेंच.’ पहिला म्हणतो, ‘व्हेअर्ज माय बुक?’ दुसरा, ‘इन द बॅग.’ ‘व्हेअर’वर टाळी, ‘बॅग’वर टाळी, ‘बेंच’वर टाळी, आणि चौथी टाळी नुसती. ही नुसती टाळी महत्त्वाची आहे. तिच्यामुळे पुढचा प्रश्न वेळेवर उठतो आणि ‘ऑन द’ला रेंगाळायला सवड मिळत नाही. शब्द बदलत गेले की वर्गातली प्रत्येक वस्तू या चार ठोक्यांत येऊन जाते. न गाणाऱ्या शिक्षकाला आणि न गाणाऱ्या मुलालाही हे जमते.

गाणे लक्षात का राहते, याचा विचार भाषाशिक्षणात बराच झाला आहे, आणि त्यातून निघालेले निष्कर्ष सरसकट गाण्याच्या बाजूचे नाहीत. नवी भाषा भरपूर ऐकल्यावर तिचे तुकडे डोक्यात आपोआप घुमू लागतात, असे गृहीतक भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८०च्या दशकात मांडले. भाषाशिक्षणाचे अभ्यासक टिम मर्फी यांनी त्याला जोडून दाखवले की गाण्याने हे घुमणे फार लवकर सुरू होते. माणूस ठरवत नसताना ओळ पुन्हा पुन्हा मनात वाजते. शिक्षकाच्या दृष्टीने हा न मागता मिळालेला सराव आहे. शाळा सुटल्यावर, गुरे वळताना, बसमध्ये, मूल तीच ओळ गुणगुणत असते. एडिंबरा विद्यापीठात केलेला आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याहून काटेकोर आहे. साठ प्रौढांना हंगेरियन भाषेतली छोटी वाक्ये पंधरा मिनिटे शिकवली गेली. एका गटाने ऐकून साधी म्हटली, दुसऱ्याने ठेक्यात म्हटली, तिसऱ्याने गाऊन म्हटली. नंतर ती हंगेरियन वाक्ये स्वतः म्हणून दाखवताना गाणारा गट पुढे राहिला. पण संशोधक वाँडा वॉलेस यांचे १९९४चे काम एक अट घालते. चालीचा उपयोग होतो तो ती सोपी असेल आणि कडव्याकडव्याला तीच परत येत असेल तेव्हाच. एकदाच ऐकलेली चाल मदत करत नाही. तीही लक्षात ठेवण्याचे एक जास्तीचे ओझे होते.

या अटीचा थेट अर्थ पाठ्यपुस्तकासाठी असा, की दर पाठाला नवी चाल देऊ नये. वर्षाला चार-पाच चाली पुरेत, आणि त्यांवर शब्द बदलत जावेत. लोकपरंपरेने हे केव्हाच केले आहे. ‘ट्विंकल ट्विंकल’, ‘बा बा ब्लॅक शीप’ आणि एबीसीचे गाणे ही तिन्ही एकाच चालीवर आहेत. ती चाल अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच गीताची, आणि मोझार्टने तिच्यावर पियानोसाठी बारा रूपांतरे बांधली. चांदणीची कविता जेन टेलर यांची, १८०६ सालची. अक्षरांचे गाणे १८३५ साली बोस्टनमध्ये नोंदले गेले. मुलाला चाल एकदाच शिकावी लागते आणि तीन गाणी हाती येतात.

एबीसीच्या गाण्यात गाण्याचा दोषही स्पष्ट दिसतो. चाल मधल्या ओळीत पाच अक्षरे एका दमात कोंबते आणि मुले ‘एलेमेनोपी’ असा एक शब्द म्हणतात. कित्येकांना बराच काळ ती पाच वेगळी अक्षरे आहेत हे माहीत नसते. शेवटचे अक्षर आपण ‘झेड’ म्हणतो, गाण्याचे यमक ‘झी’वर बेतलेले आहे, तेही तिथे मोडते. आणि सगळे गाणे पाठ झाले तरी मुलाला अक्षरांची नावे येतात, आवाज येत नाहीत. ‘सी’, ‘ए’, ‘टी’ म्हणता येणारे मूल ‘कॅट’ वाचू शकेल असे नाही. गाणे एखादा तुकडा घट्ट बांधून देते हा त्याचा गुण. तो तुकडा सोडवून, सुटा करून, दुसरीकडे वापरायला मात्र ते शिकवत नाही. ते काम शिक्षकाला करावे लागते आणि पाठ्यपुस्तकाने त्यासाठी जागा ठेवावी लागते.

हा गाण्याकडून बोलण्याकडे येण्याचा रस्ता पुस्तकांत सर्वांत अस्पष्ट असतो, म्हणून तो सविस्तर सांगावा लागतो. पहिल्या दिवशी मुलांनी गाणे फक्त ऐकावे आणि कृती करावी. शब्द म्हणण्याची सक्ती नसावी. मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात मांडलेली हालचालीची पद्धत हेच सांगते की आज्ञा ऐकून शरीराने उत्तर देणारा विद्यार्थी अर्थ पकडतो, आणि तोंड उघडण्याची वेळ त्याची त्याला येते. हात डोक्यावर गेला म्हणजे ‘हेड’ समजले. भाषांतर विचारायचे कारण नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुले सामूहिक म्हणतात. समूहात चूक झाकली जाते, आणि चूक झाकली जाणे ही सहा वर्षांच्या मुलाची मोठी सोय आहे. मग गाण्यातला एकेक शब्द गाळून त्या जागी फक्त कृती करायची. ओळ चालू राहते, शब्द मनातल्या मनात म्हटला जातो, आणि पुढचा शब्द ठोक्यावर पकडावा लागतो. या गाळण्याच्या खेळात मुलांचे कान सर्वांत तयार होतात. तो घाईने उरकू नये.

यानंतर चाल सोडायची. तेच शब्द सुराशिवाय, ठेक्यावर. मग ठेकाही सैल करून, बोलल्यासारखे. इथे शिक्षकाने कान देऊन ऐकावे : सुरात असताना हलका गेलेला ‘टू’ बोलताना पुन्हा जड झाला का? झाला असेल तर एक पायरी मागे जावे. शेवटी गाण्यातले एकच वाक्य उचलून त्यात मुलांचे स्वतःचे शब्द घालावेत. गाण्यात कुणाच्या घरी बदक असेल. वर्गात कुणाकडे शेळी आहे, कुणाकडे बैलजोडी, कुणाकडे काहीच नाही पण शेजाऱ्याचा कुत्रा लळा लावून आहे. ‘आय हॅव अ गोट’ हे वाक्य गाण्यातून सुटून मुलाचे झाले की गाण्याचे काम झाले. ही वाट चालायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून एका सत्रात अनेक गाणी ठेवण्यापेक्षा थोडी ठेवून प्रत्येकाला हा अवधी देणे हिताचे आहे.

निवडीबद्दल थोडे. जुनी इंग्रजी बालगीते यमकात आणि ठेक्यात अप्रतिम आहेत, शब्दांत मात्र त्यांतली बरीच दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात राहिली आहेत. बसण्याचे ठेंगणे आसन, विहिरीवर नेण्याची विशिष्ट बादली, घरमालकीण बाई यांची त्यांतली नावे आज इंग्रज मूलही एरवी वापरत नाही. अशी गाणी ठेक्यासाठी ठेवावीत, शब्दार्थ लिहून घेण्यासाठी नकोत. गोल फिरून खाली पडण्याचे जे गाणे आहे ते प्लेगच्या साथीवर आहे, ही कथा प्रशिक्षणांतही सांगितली जाते. लोकसाहित्याच्या अभ्यासकांना ती मान्य नाही. ते गाणे १८८१च्या सुमारास छापलेले मिळते आणि प्लेगचा अर्थ त्याला विसाव्या शतकात चिकटला. मुलांना ती कथा सांगू नये. पावसाला ‘जा’ म्हणणारे इंग्रजी गाणे आणि ‘ये’ म्हणणारे आपले बडबडगीत यांच्यावरून तक्रार होत असते. ते इंग्रजी गाणे काढून टाकण्यापेक्षा दोन्ही एका आठवड्यात म्हणावीत. ‘कम’ आणि ‘गो’ हे दोन शब्द शिकवायला याहून चांगली जोडी नाही, आणि मराठवाड्यातले मूल ‘कम’च निवडील.

वरच्या वर्गांत गाण्याचे काम बदलते. आठवी-नववीच्या मुलांना कृतिगीते बालिश वाटतात. त्यांच्या मोबाइलवर पॉप गाणी असतात. अशा गाण्यांतला ‘आय’ कोण आणि ‘यू’ कोण हे बहुधा सांगितलेलेच नसते, जागा आणि काळही मोघम असतात, असे मर्फी यांनी १९९२ साली दाखवले. त्यामुळे ऐकणारा त्यात स्वतःला घालतो आणि गाणे त्याला आपले वाटते. वर्गात ते ऐकण्याचा उतारा म्हणून वापरावे. छापील ओळींतले आठ-दहा शब्द गाळून भरायला देण्याची पद्धत रूढ आहे, पण गाळायचे शब्द बेताने निवडावे लागतात. आधी आघाताचे, ठळक ऐकू येणारे शब्द; मुले सरावल्यावर ‘टू’, ‘फॉर’, ‘हॅव’ असे पुसट. मुलांनी चुकीचे ऐकलेले शब्द खोडून टाकू नयेत. चुकीच्या ऐकण्याला इंग्रजीत ‘माँडेग्रीन’ म्हणतात. सिल्व्हिया राइट या लेखिकेने १९५४ साली तो शब्द घडवला, तिने स्वतः लहानपणी एका कवनातली ओळ चुकीची ऐकून ‘माँडेग्रीन’ नावाच्या बाईची कल्पना केली होती म्हणून. इंग्रज मुलेही चुकीचे ऐकतात हे कळल्यावर वर्ग मोकळा होतो, आणि कुठला आवाज हरवतो आहे ते शिक्षकाला कळते. पॉप गाण्यांचे व्याकरण ढिले असते, ‘डझण्ट’च्या जागी ‘डोण्ट’ सर्रास येते. ते बोलीचे रूप आहे एवढे सांगून पुढे जावे.

काही दोनशिक्षकी शाळांत पहिली ते चौथी एकाच खोलीत बसतात. तिथे गाणे हा एकमेव इंग्रजी पाठ असा आहे की जो चारही इयत्तांना एकदम घेता येतो : पहिली कृती करते, दुसरी ध्रुवपद म्हणते, तिसरी कडवे म्हणते, चौथी शब्द बदलते. नंदुरबारच्या पावरी बोलणाऱ्या, मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या, भामरागडच्या माडिया मुलांना शाळेतली मराठीही नवीच असते. मराठीतून समजावलेले इंग्रजी त्यांच्यासाठी दोन परक्या भाषांचा अडसर होतो. ठेका आणि कृती यांना मराठीच्या मध्यस्थीची गरज नाही, म्हणून या शाळांच्या शिक्षकांकडे नमुने आधी पोहोचावेत.

ध्वनिमुद्रणाशिवाय यातले फार थोडे साधेल. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आलेच आहेत. त्यांच्यामागे प्रत्येक गाण्याची निदान तीन रूपे असावीत. एक संथ आणि स्वच्छ, पेटी-ढोलकीपलीकडे वाद्यांचा गलका नसलेले. एक नेहमीच्या गतीचे. आणि एक बिनसुराचे, नुसत्या ठेक्यावर बोललेले. तिसरे सहसा कुणी करत नाही आणि शिक्षकाला सर्वांत उपयोगी तेच पडेल. आवाज विलायती असण्याची आवश्यकता नाही. आघात जागच्या जागी देणारी महाराष्ट्रातलीच शिक्षिका आणि महाराष्ट्रातलीच मुले असावीत. आपल्यासारख्या गळ्यातून आलेले इंग्रजी मुलाला आवाक्यातले वाटते. इंटरनेट पोहोचत नाही तिथे ही मुद्रणे केंद्रशाळेतून पेनड्राइव्हवर द्यावीत.

हक्कांचा प्रश्न गाण्याच्या निवडीआधीच सोडवावा. शाळेत शिक्षक-विद्यार्थ्यांनी, पालकांसमोर, शिक्षणाचा भाग म्हणून गाणे सादर करण्यास १९५७चा कॉपीराइट कायदा मुभा देतो. ध्वनिमुद्रण करून राज्यभर वाटणे ही निराळी गोष्ट आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क चालतो. पारंपरिक गीते मोकळी आहेत. वाढदिवसाच्या त्या गाण्यावरही एक कंपनी कित्येक वर्षे मोबदला घेत होती, आणि तिचा दावा अमेरिकी न्यायालयाने २०१५ साली फेटाळला. सर्वांत निर्धोक वाट नव्या रचनांची आहे. आपले ‘किशोर’ मासिक १९७१पासून मराठीतल्या उत्तमोत्तम लेखकांकडून मुलांसाठी लिहून घेत आले आहे. तोच मान इंग्रजी बालगीतांना देऊन, दोन्ही भाषांचा कान असलेल्या कवींकडून आणि संगीतकारांकडून ती रचून घेता येतील, ज्यांत शेळी, एसटी, वारी, पहिला पाऊस आणि इंग्रजीचा चोख ठेका एकत्र येतील.

मूल्यमापनात मात्र गाणे पाठ आहे का हे विचारू नये. आकारिक मूल्यमापनाच्या तोंडी कामात शिक्षकाने मुलाला त्याच्या गाण्यातला प्रश्न गप्पा मारल्यासारखा विचारावा आणि उत्तर ऐकावे. शब्द बरोबर आले का, हे पाहावे. आघात जागेवर पडला का, हेही पाहावे. आणि नोंदवहीत त्यासाठी एक वेगळा रकाना असावा. सुरेल गाणाऱ्या मुलाला त्यात जास्त गुण नसावेत, बेसूर मुलाला कमी नसावेत.

प्राथमिक वर्गांना इंग्रजी शिकवणारा
एक शिक्षक